ओळख घरी, गेटवर पास

माझ्या वडिलांनी नोकरीभर लोकांचे खिसे तपासले. भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्याच्या गेटवर ते दरबान होते. सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी कामगारांची रांग लागायची आणि प्रत्येकाने हात वर करून बाबांसमोरून जायचं. खिसे, कंबर, मोजे, डबा. बिडी सापडली तर बाहेर ठेवायची, माचिस सापडली तर साहेबासमोर उभं राहायचं. आत काय भरून ठेवलंय हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे फारशी कुरकुर कोणी करत नसे.

माझे काका, म्हणजे बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, त्याच कारखान्यात होते. दोघं एकाच घरातून, एकाच सायकलवर डबलसीट निघायचे. गेटजवळ आल्यावर काका टपरीवर चहा घेत थांबायचे. बाबा आत जाऊन वर्दी घालून, पट्टा आवळून उभे राहायचे. मग काका रांगेत यायचे आणि बाबा त्यांचीही झडती घ्यायचे. मोज्यांसकट. ज्या डब्यातली भाकरी आमच्याच चुलीवरची होती तो डबासुद्धा उघडून बघायचे. काकू एकदा भर जेवणात म्हणाली, "अवो भाऊजी, सख्ख्या भावाले तरी सोडत जा. लोकं हसतेत." बाबांनी मान वर न करता सांगितलं, "ओळख घरी. गेटवर पास."

हे वाक्य मी पुढे मोठमोठ्या बैठकांत वापरलं आणि भाव खाल्ला. माझं काम तसंच आहे. मी मोबाइल नेटवर्कची राखण करते. पूर्वी हे नेटवर्क म्हणजे लोखंडी कपाटं होती. एकेका कामाचं एकेक कपाट, खोलीत बंद, खोलीला कुलूप. कुलूप शाबूत असलं की आतली सगळी कपाटं आपली. आता ती कपाटं राहिली नाहीत. त्यांचं काम साध्या संगणकांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे आलंय. जे काम सकाळी चंद्रपुरात चालू होतं ते दुपारी नागपुरातल्या मशीनवर उभं राहतं, कोणाला पत्ता लागत नाही. स्वस्त आहे, सोयीचं आहे आणि भीतीचं आहे. ज्याला ठरलेली जागाच नाही तो आपलाच आहे हे कशावरून ओळखायचं?

म्हणून आम्ही नियम केले. आमच्या नेटवर्कमध्ये आतला म्हणून कोणी नाही. टॉवरवरचा डबा असो की मुख्य केंद्रातला प्रोग्रॅम, बोलायच्या आधी दर वेळी पास दाखवायचा. पास थोड्या वेळाचाच, संपला की नवा मागायचा. कालची ओळख आज चालणार नाही. आणि सगळ्यांत पहिला नियम असा की स्वतःच्या पासावर स्वतः सही करायची नाही. "मी खरा आहे" हे ज्याचं त्याने सांगून चालत नाही, दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत या नव्या नेटवर्कची चाचणी सुरू झाली तेव्हा हे नियम माझ्या हातचे होते. मला त्यांचा गर्व होता. बाबांचं गेट मी दोन जिल्ह्यांएवढं मोठं केलं असं वाटायचं.

काका-काकू आधीच गेले होते. आई गेली आणि बाबा हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग तारखा, मग शेजारी. मी एकटीच मुलगी. चंद्रपूरला भाड्याने राहते, तिथेच आमची कंट्रोल रूम आहे, म्हणून दर सुटीला एसटीने घरी यायचे. एका रविवारी बाबांनी दार उघडलं, मला पाणी दिलं, समोर बसले आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "कोनाकडं आल्या तुमी, बाई?"

मी हसले. त्यांना वाटलं मी त्यांची टर उडवतेय, ते चिडले. मग आईचा फोटो दाखवला, माझ्या लहानपणचा दाखवला. फोटो त्यांनी बरोबर ओळखला. "ही माही पोरगी. चंद्रपूरले असते. मोठी इंजिनीयर हाये." आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं ते तसंच, परक्या बाईकडे पाहतात तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून रडताना, काही सुचेना म्हणून मी त्यांना फोन लावला. पलीकडून लगेच आवाज आला, "बोल माय! कधी येते तू?"

चेहरा हरवला होता, आवाज राहिला होता. तोही फक्त फोनमधला. समोर बसून तेच शब्द त्याच आवाजात बोलले तर त्यांना पटायचं नाही. डॉक्टरांनी याचं काहीतरी कारण सांगितलं, पण मला ऐकून काही करता येण्याजोगं ते नव्हतं. मला त्यातून एक युक्ती मात्र मिळाली. पुढच्या वेळी मी दारात न जाता अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहिले आणि फोन लावला. "बाबा, एक बाई येईल आत्ता. माझी मैत्रीण आहे. घरात घ्या तिला." मग पदर सारखा करून दार वाजवलं. दार उघडलं. "या बाई, या. पोरीचा फोन आला होता."

अशी मी माझ्या घरात माझीच मैत्रीण म्हणून जायला लागले. दिवसभर राहायचं, स्वयंपाक करायचा, त्यांचे कपडे धुवायचे. संध्याकाळ झाली की बाबा उठायचे आणि दाराशी उभे राहून म्हणायचे, "चला, सुटी झाली. बाहेर व्हा." पाळी सुटल्यावर गेटच्या आत कोणी राहता कामा नये. मी राहायचा हट्ट केला एकदा, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातली काठी हातात घेतली. मारली नसती. पण काठी पुढे धरून ते मागे सरकत होते, माझ्या भीतीने. आपला बाप आपल्याला घाबरतो हे बघायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. तेव्हापासून मी मुकाट्याने बाहेर व्हायचे.

शेजारच्या मावशींचंही तसंच. त्या बाबांना सकाळी जेवू घालायच्या, संध्याकाळी सुटी व्हायच्या आधी साखरेच्या आजाराचं इंजेक्शन द्यायच्या. चाळीत भिंतीला भिंत लावून आयुष्य गेलं दोन्ही घरांचं, पण बाबांच्या लेखी त्या रोज नव्या. म्हणून रोज सकाळी मी फोन करायचे, "बाबा, मावशी येतील, दार उघडा." त्यांचा तो त्या दिवसापुरता पास. संध्याकाळी दिवेलागणीला दुसरा फोन, तो मात्र नुसता गप्पांचा, बापलेकीचा. तेवढ्यात मी दिवसभराची भूक भागवून घ्यायचे. त्यांच्या फोनमध्ये आमच्या चाचणीचं सिम मीच घालून दिलं होतं. माझ्या बापाने माझ्या नेटवर्कवर बोलावं, एवढी हौस.

त्या दिवशी सकाळी ड्यूटीवर पोचले तर कंट्रोल रूममध्ये गोंधळ. दोन टॉवर बंद पडलेले. एक सिरोंच्याकडचा, पार गोदावरीकाठचा, आणि दुसरा भद्रावतीचा. इतके लांबचे दोन टॉवर एकाच क्षणी कसे जातील? थोडं खोदल्यावर कळलं. टॉवरच्या खोलीत आमचा एक डबा असतो, तोच टॉवरच्या वतीने पास दाखवतो. दोन्ही डबे एकच नाव सांगत होते. दोघंही म्हणत होते, मी भद्रावतीचा. यंत्रणेला एकाच नावाचे दोघं दिसले की ती दोघांनाही बाहेर काढते. हाही माझाच नियम.

सिरोंच्याच्या टेक्निशियनला फोन लावला. तेलुगू वळणाच्या मराठीत त्याने सरळ सांगितलं, "मॅडम, जुळा लावला ना मी."

जुळा! मग सगळा उलगडा झाला. आमचे जंगलातले लोक एक काम करतात. चांगला चालणारा डबा दिसला की त्याची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डब्यात उतरवून गाडीत ठेवतात. त्याला जुळा म्हणतात. पावसात नाले भरले की टॉवरपर्यंत पोचायलाच दिवस जातो, मग तिथे बसून नवा डबा तयार करत कोण बसणार? जुना काढायचा, जुळा लावायचा, परत फिरायचं. जुन्या नेटवर्कमध्ये हे चालून गेलं, उलट अशा माणसाला हुशार म्हणायचे. यानेही मागच्या फेरीत इकडे येऊन भद्रावतीच्या डब्याची नक्कल उतरवताना त्याची ओळखसुद्धा उतरवली. तशी ती उतरायलाच नको होती. "डबा चालतोय मॅडम, एकदम फस्ट क्लास आहे. तुमीच घेत नाई त्याले," तो म्हणाला. त्याच्या मते चूक माझी होती.

आमच्या साहेबांचा फोन आला. "तो नियम तासाभरासाठी सैल करा. डबा आपला, माणूस आपला, भांडण कशाचं?" मी म्हटलं, आपल्या माणसाला नक्कल उतरवता आली तर परक्यालाही आली असेल. दोन दिसतात म्हणजे तिसरा नाही कशावरून? जो खरा भद्रावतीचा आहे त्याच्याजवळ जाऊन, डोळ्यांनी पाहून, नवा पास द्यावा लागेल. संध्याकाळ होईल. साहेब म्हणाले, "तुम्ही फार ताणता." मी ताणते. त्याचाच पगार घेते.

फोन ठेवला आणि लगेच दुसरा वाजला. मावशी. त्यांचा फोन दुसऱ्या कंपनीचा, तो चालू होता. "अवं बाई, भाऊ दार उघडून नाई राह्यले. सकाळपासून ठोकून राह्यली मी. पास कुठी हाये म्हणतेत. तुहा फोन काऊन नाई आला?"

सकाळी ड्यूटीवर पोचताच या गोंधळात पडले होते. फोन केला असता तरी लागला नसता. बाबांच्या घरावरचा टॉवर तोच.

मी विचारलं, कालचं इंजेक्शन दिलं होतं का? दिलं होतं. म्हणजे इंजेक्शन पोटात आणि पोट रिकामं. अशाने साखर उतरते, घाम सुटतो, भोवळ येते, आणि मग माणूस उठत नाही. मागे एकदा तसं झालं होतं, तेव्हा मावशी हजर होत्या म्हणून निभावलं. आता त्या दाराबाहेर होत्या.

नियम सैल करायचं माझ्या हातात होतं. समोरच्या पडद्यावर. केला असता तर त्याच क्षणी बाबांच्या फोनवर रेंज आली असती, मी बोलले असते, दार उघडलं असतं, मावशींनी त्यांना जेवू घातलं असतं. साहेबांनी तर सांगितलंच होतं, कोणी विचारलंही नसतं. हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. आपल्या बापासाठी गेट उघडायचं, तर मग काकांचा डबा कशाला तपासला आयुष्यभर? आज लिहिताना हे मोठं तडफदार वाटतं. तेव्हा मात्र मला स्वतःचा राग राग आला होता. निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणते. बरोबर निर्णयाचाही इतका त्रास होतो हे कोणी शिकवलेलं नव्हतं.

टॉवरचा डबा तपासायला आमचा एक सहकारी जीपने निघालाच होता, त्याच्या गाडीत बसले. कोळशाचे ट्रक पुढे रांग धरून चालले होते, त्यांना तो हॉर्न वाजवत होता. त्याने मला गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि तो टॉवरकडे गेला.

दारापुढे गल्लीतली माणसं जमली होती. एकजण पहार घेऊन आलेला. "तोडू का दार, ताई?" मी नको म्हटलं. दार तुटलं असतं, जेवणही पोटात गेलं असतं, पण त्यानंतर त्या घरात त्यांना कुठेच सुरक्षित वाटलं नसतं. खिडकीशी गेले. बाबा दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून ताठ बसले होते. बनियन घामाने ओला. मांडीवरचे हात कापत होते. खिडकीच्या गजांतून मावशींनी सकाळीच भाताची थाळी आत सरकवली होती, ती खिडकीच्या कट्ट्यावर तशीच होती, वर माशा बसलेल्या.

"बाबा, थोडं खाऊन घ्या."

"गेटवर कोनाचं खात नसतो आपन," ते म्हणाले. जीभ थोडी जड पडत होती. "पास?"

मी आधार कार्ड दाखवलं, ऑफिसचं कार्ड दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "हे बाहेरचं हाये. इथी नाई चालत."

"बाबा, मी तुमची पोरगी आहे!" मी ओरडले. इतके दिवस मैत्रीण म्हणून वावरले, ते सगळं एका झटक्यात तोंडातून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "सगळे तसंच म्हणतेत, बाई. कोनी जावई असते, कोनी साहेबाचा भाचा असते."

मागून कोणीतरी हसलं. माझा पारा चढला, त्या माणसाला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग खिडकीचा गज धरून उभी राहिले. बाबांच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता आणि ते तो पुसत नव्हते. लहानपणी शाळेला जाताना गेटवर थांबून पाहिलेलं तेवढं आठवलं. रांगेतल्या माणसाला बाबा काही विचारत नसत. तो आला की हात वर करायचा.

मी दारासमोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात वर केले. "पास नाही साहेब. झडती घ्या."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा खिडकीशी आले. भिंतीचा आधार घ्यावा लागला त्यांना, पण मान ताठ झाली होती. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाईची झडती बाईच घेते. लेडीज सर्चर कुठी हाये?"

मी मावशींकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे. त्या जन्मात कधी कारखान्याच्या गेटपर्यंत गेल्या नव्हत्या. पण त्यांनी पदर कमरेला खोचला आणि पुढे झाल्या. "मी हाये ना साहेब. मीच हावो."

"मंग घे नीट. खिसे पाह्य. कंबर पाह्य. केस सोड." बाबा आतून हुकूम देत होते आणि मावशी माझ्या अंगावरून हात फिरवत होत्या. ज्या बाईने लहानपणी मला न्हाऊ घातलं होतं ती माझी झडती घेत होती आणि घेता घेता रडत होती. "चप्पल काढ तिची. चपलीत लपवतेत लोकं." मावशींनी खाली बसून माझी चप्पल काढली, उलटी करून दाखवली.

"मोबाइल?"

तो माझ्या हातात होता. त्यांनी खिडकीतल्या गजांतून बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा बाहेर धरला. "यात टाक. आत नाई नेता येत. सुटताना घेऊन जाजो." मी फोन त्या डब्यात ठेवला. त्या घरात मला ओळख देणारी ती एकच वस्तू होती. डबा आत गेला, झाकण लागलं. मग कडी निघाली.

मी आत गेले ती आधी चुलीपाशी. पाण्यात साखर घातली, चांगली मूठभर, वर थोडी चहापत्ती टाकून गरम केली. बाबांनी कप पाहिला. "कँटीनचा हाये का?"

"हो, कँटीनचा."

आतला चहा चालतो. ते तो दोन्ही हातांनी धरून प्यायले, सांडत, मिटक्या मारत. दुसराही प्यायले. मग तिथेच शिजवलेला वरणभात खाल्ला, मी कालवून दिला तसा, अंबाडीच्या भाजीशी. हळूहळू हातांची थरथर गेली. तोंडावर रंग आला. मावशींना मी आतूनच हात केला. त्यांची झडती घ्यायला दुसरी बाई कुठून आणणार, त्या बिचाऱ्या दारातच टेकल्या होत्या.

दुपारभर मी तिथे बसले. बाबा दाराजवळच्या खुर्चीवर, मी समोर भिंतीला पाठ लावून. मी त्यांच्याकडे पाहत होते. कानाजवळचा तीळ, बोटांची ठेवण, सगळं माझ्याजवळही तसंच आहे. हुबेहूब. त्यांची नक्कलच आहे मी, पण त्यांना ती दिसत नव्हती. मी ज्या यंत्रणेवर एवढी वर्षं घालवली ती माणसाला असंच आत घेते. तपासून, बिनचूक, न ओळखता. तिचा तो गुणच आहे. तो गुण माझ्याच घरी माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला होता आणि मला हुंदका आवरत नव्हता. मी तोंड पदरात घातलं.

ऊन कलल्यावर बाबांचा फोन टुणकन वाजला. रेंज आली होती. सहकाऱ्याने टॉवरवरचा डबा खरा असल्याची खातरी करून नवा पास मिळवला असणार. म्हणजे सगळं नियमाप्रमाणे झालं, कुठेही काही उघडं पडलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

बाबांनी फोन खिशातून काढून मांडीवर ठेवला. दिवेलागण होत आली तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. फोन उचलून पाहायचे, परत ठेवायचे. मग मला म्हणाले, "माह्या पोरीचा फोन येत असते या वक्ताले. आज नाई आला."

मी समोरच बसले होते. हात लांबवला असता तर त्यांच्या गुडघ्याला लागला असता.

"येईल," मी म्हटलं.

"सकाळी बी नाई आला." त्यांचा आवाज बारीक झाला. "विसरली का काय मले."

ते मला सोसलं नाही. उठले. "साहेब, सुटी झाली माझी."

"हं." ते लगेच उभे राहिले, डब्याचं झाकण काढलं, माझा फोन माझ्या हातावर ठेवला. "उद्या पास घेऊन येजो. रोज रोज असं नाई चालत."

मी बाहेर आले. मागे कडी लागली. त्यांची मुलगी व्हायचं तर मला असं बाहेरच यावं लागत होतं. कडुनिंबाखाली जाऊन फोन लावला, तो भिंतीपलीकडे वाजलेला मला ऐकू आला.

"हॅलो?"

"बाबा, मी."

"अवं माय!" केवढा तो आनंद. "कुठी होती दिवसभर? मले किती काळजी लागून राह्यली होती!"

"नेटवर्क नव्हतं, बाबा."

"तुमचं नेटवर्क म्हंजे..." ते हसले, चिडवल्यासारखे. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आज एक बाई आली होती इथी. पास नव्हता तिच्याकडं. मी रीतसर झडती करवली, मंग सोडली आत. बरी होती. चहा देल्ला, भात कालवून देल्ला. पन रडून राह्यली होती वं बसल्या बसल्या. घरी काई दुःख असन बिचारीले."

मी फोन कानापासून लांब धरून डोळे पुसले.

"हॅलो? हाये का तू? मी काय म्हनतो, ती उद्या येईन वाटते. येऊ देऊ का? तू ओळखते का तिले?"

स्वतःच्या पासावर स्वतः सही करायची नाही. हा नियम शिकवताना मी नव्या पोरांना दोनदा म्हणायला लावते.

"ओळखते," मी म्हटलं. "येऊ द्या, बाबा. भरवशाची आहे."

"तू म्हनते तर येऊ देतो. पन झडती होईन, सांगून ठेवजो तिले. गेट हाये हे."

"हो बाबा," मी म्हटलं. "झडती घ्याच."